समुद्राच्या वेळापत्रकावर एक दिवस: चारमथला सहकुटुंब तंबू, जीवाश्म आणि वन्यजीव

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये, चारमथ नावाचं लहानसं गाव आहे. गावाच्या दोन्ही बाजूंना काळ्या-करड्या चिखलदगडाचे कडे आहेत. सुमारे साडेएकोणीस कोटी वर्षांपूर्वी तो चिखल समुद्राचा तळ होता. आज कडे ढासळतात, लाटा चिखल धुऊन नेतात आणि त्यात अडकलेले जीवाश्म खडीत मागे राहतात. एक्समथपासून स्टडलंडपर्यंतच्या सुमारे १५० किलोमीटर किनाऱ्याला जुरासिक कोस्ट म्हणतात. २००१ साली तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. या अख्ख्या पट्ट्यात मुलांना घेऊन जीवाश्म शोधायला चारमथइतकी सोपी जागा दुसरी नाही. कड्यांच्या माथ्यावर कुरणं आणि झुडपांची रानं असल्यामुळे हरणं, बॅजर (बिळात राहणारा, रात्री फिरणारा प्राणी) आणि शिकारी पक्षीही त्याच मुक्कामात पाहता येतात.

अडचण एवढीच की या सगळ्यांच्या वेळा वेगळ्या आहेत. हरणं पहाटे दिसतात, बॅजर सूर्यास्ताला बाहेर पडतात आणि किनारा फक्त ओहोटीला मोकळा होतो. बहुतेक कुटुंबं आधी कॅम्पसाइट बुक करतात आणि भरतीची वेळ किनाऱ्यावर पोहोचल्यावर बघतात. मग पाणी कड्याला टेकलेलं असतं आणि दिवस वाहनतळावर सँडविच खाण्यात जातो. क्रम उलटा करा. आधी ओहोटी बघा, मग तारीख ठरवा, तंबूचं बुकिंग शेवटी.

तारीख कशी काढायची

लाइम रीजिसचं भरती-ओहोटीचं कोष्टक इंटरनेटवर मिळतं आणि पुस्तिकेतही मिळतं. चारमथ तिथून जेमतेम तीन किलोमीटरवर असल्यामुळे त्याच वेळा धरून चालतं. छापील कोष्टक वाचताना एक गोष्ट हमखास चुकते. त्यातल्या वेळा बऱ्याचदा ग्रीनिच वेळेनुसार असतात, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत इंग्लंडची घड्याळं त्यापुढे एक तास असतात. कोष्टकाच्या माथ्यावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय वेळ टिपून घेऊ नका. इथे एका तासाची चूक महागात पडते.

आता चंद्राकडे बघा. पौर्णिमा आणि अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी उधाण येतं. तेव्हा लाइमला पाणी साडेतीन मीटरहून जास्त वर-खाली होतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा हा फरक निम्म्याहूनही कमी असतो. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती साधारण सकाळी सात-आठला आणि ओहोटी दुपारी एक-दोनला येते. सहकुटुंब सहलीला याहून सोयीची वेळ नाही: पहाट प्राण्यांना, दुपार किनाऱ्याला, संध्याकाळ परत प्राण्यांना. भांगाच्या दिवसांत ओहोटी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी येते, पाणीही फार मागे हटत नाही. त्यामुळे घरातलं पंचांग उघडा आणि पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचा दुसरा-तिसरा दिवस धरा. नक्की मिनिटं मात्र कोष्टकातूनच घ्या.

ऋतूचं गणित थोडं अवघड आहे. जीवाश्म सर्वाधिक मिळतात ते नोव्हेंबर ते मार्च, कारण वादळं वाळू ओढून नेतात आणि दरडी नवा माल खाली आणतात. पण त्या दिवसांत अनेक कॅम्पसाइट बंद असतात आणि लहान मुलांना तंबूतली थंडी झेपत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हवा छान असते, पण किनारा रोज शेकडो नजरांखालून गेलेला असतो. आमचा कौल एप्रिलचा मध्य किंवा ऑक्टोबरचा उत्तरार्ध. एप्रिलच्या मध्यावर इथे सूर्योदय साडेसहाच्या जरा आधी आणि सूर्यास्त आठच्या सुमारास होतो. ऑक्टोबरअखेर, घड्याळं मागे सरकायच्या आधी, सूर्योदय पावणेआठला आणि सूर्यास्त सहाच्या आसपास. दोन्ही वेळा मुलं जागी असतात. मेअखेरच्या सुट्टीत मात्र पहाट पाचला उजाडते आणि बॅजर बघायला रात्री नऊनंतर बसावं लागतं. सात वर्षांच्या मुलाकडून त्याच दिवशी ही दोन्ही टोकं साधत नाहीत.

पुढचा सगळा आराखडा एप्रिलच्या मध्यातला, दुपारी दीडच्या ओहोटीचा धरून दिला आहे. तुमची ओहोटी वेगळी असेल तर किनाऱ्याचा भाग तेवढा पुढे-मागे सरकवा.

मुक्काम

इंग्लंडमध्ये जागामालकाच्या परवानगीशिवाय वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. किनाऱ्यावर तर ते जिवावरचंही आहे, कारण वर कडा आहे आणि खाली भरती. चारमथच्या आसपास अधिकृत कॅम्पसाइट आहेत. निवडताना किनाऱ्यापर्यंत चालत जाता येतं का, हे आधी विचारा. मुलं दमली की गाडीची वाट बघत बसावं लागत नाही आणि ओले कपडे लगेच बदलता येतात. वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे आणि दार विरुद्ध बाजूला ठेवा. खुंट्या तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकतील अशा तिरक्या ठोका.

एप्रिलच्या रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. त्यामुळे महागडी झोपायची पिशवी घेण्याआधी अंगाखालची चटई जाड घ्या. पातळ फोमची एक चटई आणि तिच्यावर हवा भरायची दुसरी, अशी जोडी मुलांना पुरते.

सामान

यादी लांबवण्यात अर्थ नाही, पण काही गोष्टींचं कारण समजून घ्यायला हवं.

दुर्बीण ८x३२ किंवा ८x४२ मापाची घ्या. दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण मुलांच्या हातात इतकी हलते की प्राणी सापडतच नाही. दोन्ही नळ्या पुरेशा जवळ येतात का, हे दुकानातच मुलाच्या डोळ्यांना लावून बघा. न आल्यास त्याला दोन काळी वर्तुळं दिसतात आणि ते दुर्बीण परत मागत नाही.

दहापट मोठं दाखवणारं भिंग प्रत्येक मुलाला वेगळं द्या, गळ्यात दोरीने अडकवून. त्याशिवाय अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, झिपच्या लहान पिशव्या, स्वयंपाकघरातला टिश्यू रोल, न पुसणारं मार्कर, वही, मोजपट्टी, लाल उजेडाचा टॉर्च, गोचीड काढायचा चिमटा, प्रथमोपचाराची पेटी आणि माणशी किमान एक लिटर पाणी. फोन पूर्ण चार्ज करून न्या. कड्यांखाली सिग्नल ठिकठिकाणी जातो, म्हणून कोष्टकाचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा.

पायात घोट्याला आधार देणारे बूट हवेत. गमबूट चिखलात रुततात, पाय बाहेर येतो आणि बूट आत राहतो.

हातोडीबद्दल खाली सविस्तर आहे. पहिल्या सहलीला ती नेऊ नका, हा आमचा ठाम सल्ला.

पहाट: सहा ते आठ

स्टोनबॅरो टेकडी चारमथच्या पूर्वेला आहे. नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची ही जमीन पायवाटांनी पुढे गोल्डन कॅपकडे जाते. गोल्डन कॅप १९१ मीटर उंच, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा सर्वांत उंच कडा. पहाटे तिथवर जायची गरज नाही. कुरण आणि झाडी जिथे भेटतात अशी एखादी कड शोधायची आणि तिथेच थांबायचं.

रो हरणं अशाच कडेला चरतात. अंगाने लहान, आणि मागच्या बाजूला पांढुरका ठिपका. वारा प्राण्याकडून तुमच्याकडे येत असला पाहिजे. गवताची चिमूट हवेत सोडून दिशा बघा आणि हे काम मुलांकडे द्या, ती ते मनापासून करतात. आकाशाच्या रेषेवर उभं राहू नका. झुडपाच्या मागे न लपता त्याच्या पुढे, त्याच्या सावलीत बसा. मागे गर्द रंग असला की माणसाची आकृती विरून जाते. हरणाने मान वर केली की जागच्या जागी थिजायचं. ते पुन्हा चरायला लागेपर्यंत हातसुद्धा हलवायचा नाही. कुत्र्यासारखं खरखरीत भुंकणं ऐकू आलं तर हरणाने तुम्हाला ओळखलेलं आहे आणि त्या जागेची आशा सोडावी.

दुर्बिणीतून प्राणी सापडत नाही ही मुलांची नेहमीची तक्रार. उपाय साधा आहे. आधी उघड्या डोळ्यांनी प्राण्यावर नजर रोखायची, डोकं अजिबात न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत उचलायची. खाली दुर्बिणीकडे बघून मग वर बघितलं की दिशा चुकलीच.

आठच्या सुमारास ऊन चढायला लागलं की दक्षिणेकडच्या उतारांवर, गवत आणि दगडांच्या सीमेवर, सरडे अंग शेकताना दिसतात. कधी अॅडर सापही असतो: पाठीवर नागमोडी काळी पट्टी, डोळ्याची बाहुली उभी. तो विषारी आहे पण बुजरा आहे. दोन-तीन मीटरवरून बघा आणि वाटेवरून चाला. दंश झालाच तर तो अवयव हलवू न देता ९९९ वर फोन करा. घट्ट आवळपट्टी बांधू नका.

कड्याच्या टोकाशी जाऊ नका, माती खालून पोखरलेली असते. मागे राहूनही आकाशात बरंच दिसतं. एका जागी वाऱ्यावर तरंगत पंख फडफडवणारा पक्षी केस्ट्रेल. समुद्राकडून कड्यालगत ताठ पंखांनी, जवळजवळ न फडफडता घिरट्या घालणारा, सीगलसारखा दिसणारा पण सीगल नसलेला पक्षी फुलमार. तो घरट्याजवळ आलेल्यावर दुर्गंधी तेलाची पिचकारी मारतो आणि तो वास कपड्यांतून सहजी जात नाही. पेरेग्रीन ससाणा दिसला आणि तो सलग कर्कश ओरडत असेल, तर घरटं जवळ आहे आणि तुम्ही त्याला नको आहात. ताबडतोब मागे फिरा. १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार त्याच्या घरट्याला उपद्रव देणं हा गुन्हा आहे.

तंबूत परत या, भरपेट न्याहारी करा आणि मुलांना थोडं लोळू द्या.

किनारा: साडेदहा ते दीड

उतरत्या पाण्यामागे जायचं आणि पाणी फिरलं की आपणही फिरायचं, हा किनाऱ्याचा एकमेव नियम समजा. सव्वासातला भरती आणि दीडला ओहोटी असेल तर साडेदहाला पाणी निम्म्याने उतरलेलं असतं. तेव्हा आत शिरा आणि दीडला परतीला लागा. उतरताना असो वा चढताना, पाण्याचा वेग सगळा वेळ सारखा नसतो, हे लक्षात ठेवायला बाराव्या हिश्शांचा आडाखा आहे. सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ असे बारावे हिस्से सरकतं. म्हणजे फिरल्यावर पहिल्या तासात जेमतेम हलतं, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मी उंची चढून जातं. ओहोटीनंतर दोन तास रेंगाळलेली माणसं याच हिशेबात अडकतात. पाणी संथ आहे असं वाटेपर्यंत पुढचं टोक बंद झालेलं असतं.

आत शिरण्याआधी किनाऱ्यालगतच्या चारमथ हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये जा. तिथे खरे जीवाश्म बघायला मिळतात, मुलांच्या डोळ्यांना काय शोधायचं ते कळतं आणि अलीकडे दरड कुठे कोसळली हेही समजतं. मार्गदर्शकासोबतच्या फेऱ्या तिथून निघतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ती फेरी आधीच राखून ठेवावी.

दिशा दोन आहेत. पश्चिमेला ब्लॅक व्हेन, युरोपातल्या मोठ्या किनारी भूस्खलनांपैकी एक. तिथून पायराइट या खनिजाचे सोनेरी अमोनाइट, म्हणजे वळणदार शंखाच्या नामशेष समुद्री प्राण्यांचे जीवाश्म, येतात, पण चिखलाचे ओघळ थेट किनाऱ्यावर उतरतात. पूर्वेला चार नदीवरचा पादचारी पूल ओलांडला की स्टोनबॅरोच्या कड्याखालचा किनारा लागतो. तिकडच्या फिक्या करड्या थरात बेलेम्नाइट नावाचे निमुळते जीवाश्म इतके आहेत की त्या थराचं नावच बेलेम्नाइट मार्ल आहे. लहान मुलं असतील तर पूर्वेला जा. पहिल्या अर्ध्या तासात हातात काहीतरी पडलं की पुढचे दोन तास उत्साह टिकतो. मात्र गाव मागे पडलं की पूर्वेला कड्यावर चढायला मधे वाट नाही, हे डोक्यात ठेवून एक किलोमीटरच्या आतच थांबा.

खडी कशी वाचायची

नवखे लोक कड्याकडे बघतात. जाणकार पायाखाली बघतात. कडा उकरणं धोक्याचं आहेच, पण ते निरर्थकही आहे. लाटांनी टनावारी चिखल आधीच धुऊन, चाळून, वजनाप्रमाणे वेगळा करून ठेवलेला असतो. तो चाळलेला माल कुठे साचलाय ते ओळखणं हेच खरं कौशल्य.

पायराइट म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, साध्या दगडापेक्षा बरंच जड. लाट जिथे मंदावते, म्हणजे मोठ्या गोट्यांच्या मागे, खडकांमधल्या चरांत आणि खडीच्या पट्ट्याच्या खालच्या काठाला, तिथे सगळ्या जड वस्तू एकत्र जमतात. म्हणून गंजलेले खिळे, लोखंडाचे तुकडे, पितळी चमक असलेले ओबडधोबड गोळे एका जागी दिसले की तिथे बसकण मारा. त्यांच्यातच अमोनाइट असतात. काचाही असू शकतात, त्यामुळे खडी मुठीने उपसू नका, बोटाने एक थर बाजूला करा.

खरोखर बसा. उभ्याने एक-दोन सेंटिमीटरचा अमोनाइट दिसत नाही. सूर्याकडे तोंड करून बसलं की ओल्या खडीवर प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि चकाकीही उठते. एक मीटर लांब-रुंद चौकोन मनाने आखा आणि त्याला दहा मिनिटं द्या. पहिली दोन-तीन मिनिटं सगळे दगड सारखेच दिसतात. मग डोळा रंग सोडून आकार बघायला लागतो: सारख्या अंतरावरच्या फासळ्या, वळणाचा तुकडा, नितळ गोल कड. निसर्गात तुटलेल्या दगडाला अशी शिस्त क्वचित असते. मुलांना "जीवाश्म शोध" असं सांगू नका, "रेघा असलेला दगड शोध" असं सांगा. ती मोठ्यांच्या आधी शोधतात, कारण त्यांचे डोळे जमिनीच्या जवळ असतात.

काय मिळू शकतं:

बेलेम्नाइट सगळ्यांत सोपा. माखलीच्या नात्यातल्या प्राण्याच्या अंगातला हा कडक भाग. गुळगुळीत, दंडगोल, एका टोकाला निमुळता, तपकिरी ते मधासारखा रंग. तुटलेल्या टोकाकडे भिंगातून बघा, मध्यबिंदूपासून बाहेर जाणारी किरणांसारखी रचना दिसते. ती दिसली की शंका उरत नाही.

अमोनाइट पायराइटचा असेल तर लहान आणि सोनेरी. चुनखडीतला मोठा आणि राखाडी असतो, बहुधा दगडाच्या काठावर त्याच्या पाठीची उंच रेघ तेवढी डोकावते. अख्खा मिळायला नशीब लागतं, चतकोर तुकडे मात्र भरपूर.

क्रिनॉइड, म्हणजे तारामाशाच्या गोतावळ्यातला देठाचा प्राणी. त्याच्या देठाच्या चकत्या पाच कोनांच्या ताऱ्यासारख्या, काही मिलिमीटरच्या. भिंगाशिवाय हाती लागत नाहीत.

इक्थिओसॉर या माशासारख्या दिसणाऱ्या, नामशेष समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा मणका हे या किनाऱ्याचं बक्षीस. काळा, गोल, जाड चकतीसारखा. कॅरमची सोंगटी दोन्ही बाजूंनी खोलगट केली तर जशी दिसेल तसा. हाडाची खूण भिंगात पटते: पृष्ठभागावर, आणि तुटला असेल तर आतही, बारीक छिद्रांची जाळी. साध्या काळ्या गोट्यात ती नसते.

फसवणारे दगडही ओळखून ठेवा. तंतुमय कॅल्साइटचे थर, ज्यांना इथले लोक "बीफ" म्हणतात, ते लाकूड किंवा हाड म्हणून हमखास पिशवीत जातात. त्यातले तंतू थराला काटकोनात उभे असतात, तर खऱ्या जीवाश्म लाकडाच्या रेषा लांबीला समांतर धावतात. पायराइटचे बिनआकाराचे गोळे सोनेरी असले तरी जीवाश्म नव्हेत. ते तिथेच ठेवा, घरी नेल्यावर आधी तेच कुजतात.

हातोडी

दुसऱ्या-तिसऱ्या सहलीला न्यायची असेल तर भूगर्भशास्त्राचीच हातोडी न्या. सुताराच्या हातोडीचं पोलाद दगडावर आपटलं की त्याच्या कपच्या उडतात आणि त्या डोळ्यात जातात. चष्मा पुरत नाही, बाजूंनी बंद असलेला संरक्षक चष्मा हवा. फोडणारा मोठा माणूस एकच, बाकीचे किमान पाच मीटर लांब. किनाऱ्यावर मोकळे पडलेले चुनखडीचे चपटे गोटेच फोडायचे. गोटा काठावर उभा धरून थराच्या रेषेवर मारा, वरून सपाट बाजूवर मारलात तर आतला जीवाश्मही चुरा होतो. बहुसंख्य गोटे रिकामे निघतात. गारगोटीसारख्या कठीण चकमकीच्या दगडावर कधीच मारू नका, त्याच्या कपच्या सुरीसारख्या असतात. आणि काठावर अमोनाइट आधीच दिसत असेल तर फोडायचा मोह आवरा. तो गोटा तसाच घरी न्या.

नियम आणि धोके

पश्चिम डॉर्सेटच्या जीवाश्म संहितेनुसार कड्यातून खणून काढायला परवानगी नाही. किनाऱ्यावर सुटं पडलेलं तेवढं घ्यायचं. शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाची वस्तू मिळाली तर तिची नोंद हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये करायची. जोडलेली हाडं, कवटी, मणक्यांची रांग असं काही दिसलं तर हात लावू नका. मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, फोनमधून जागेचे अक्षांश-रेखांश टिपा आणि सेंटरला लगेच कळवा. उकरलेल्या हाडांचा क्रम एकदा बिघडला की प्राणी कसा पडला, कशाने मेला, ही माहिती कायमची जाते.

लाइम रीजिसच्या पश्चिमेला मॉनमथ बीचवर मोठमोठ्या अमोनाइटांनी भरलेली खडकाची फरसबंदी आहे. दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला तिथे जा, पण केवळ बघायला. तिथे हातोडी पिशवीबाहेर काढायचीच नाही.

कड्याखाली बसून डबा खाणारी कुटुंबं इथे रोज दिसतात आणि ते बघवत नाही. दरड पावसानंतर कोसळते, तशीच कोरड्या उन्हातही कोसळते, आणि आधी सांगून येत नाही. लाइममध्ये १७९९ साली जन्मलेल्या मेरी अॅनिंगने याच कड्यांतून १८११-१२ मध्ये भावासोबत इक्थिओसॉर आणि १८२३ मध्ये प्लेसिओसॉर या लांब मानेच्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा पूर्ण सांगाडा शोधला. हे कडे तिच्याइतके कुणालाच माहीत नव्हते. तरी १८३३ मध्ये तिच्यापासून काही पावलांवर दरड कोसळली आणि तिचा कुत्रा ट्रे तिच्या डोळ्यांदेखत गाडला गेला. ती स्वतः थोडक्यात वाचली. तेव्हा वाटचाल नेहमी पाण्याच्या बाजूने करा. वरून बारीक खडे घरंगळताना ऐकू आले तर वर बघत थांबू नका, समुद्राकडे चालायला लागा.

चिखलाच्या ओघळांवर वरून कोरडी पापुद्र्याची साय असते आणि खाली गुडघाभर रेंदा. मुलांना त्यावर पाय ठेवू देऊ नका. पाय रुतलाच तर झटके मारू नका. मागे रेलून वजन पसरवा आणि एक-एक पाय हळूहळू हलवत सोडवा. पाण्याने वाट अडवली तर कड्यावर चढू नका आणि पाण्यातून जायचं धाडसही करू नका. जमेल तितक्या उंच आणि मोकळ्या जागी थांबून ९९९ लावा आणि कोस्टगार्ड मागा.

संध्याकाळ: सात ते नऊ

दुपारी मुलांना झोपवा किंवा निदान आडवं करा. नाही तर बॅजर यायच्या वेळी ती रडकुंडीला येतात.

बॅजरचं बीळ दिवसा, लांबून शोधून ठेवायचं. तोंड उंचीपेक्षा रुंद, आडव्या अर्धवर्तुळासारखं, कोल्ह्याच्या बिळाचं तोंड उभट असतं. बाहेर मातीचा मोठा ढीग आणि त्यात वाळक्या गवताचे पुंजके दिसले तर बीळ वापरात आहे. जवळच्या काटेरी तारेवर टोकं पांढरी असलेले राठ केस अडकलेले मिळाले की खात्री झाली. बिळाशी छेडछाड करणं १९९२ च्या बॅजर संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. जवळ जाऊन डोकावू नका आणि कुत्रा सोबत नेऊ नका.

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी, बिळापासून किमान वीस मीटर लांब, वारा बिळाकडून तुमच्याकडे येईल अशा बाजूला, झाडाला पाठ लावून बसा. बॅजरची नजर अधू असते, नाक आणि कान फार तिखट. म्हणून गडद कपड्यांपेक्षा न सळसळणारे कपडे महत्त्वाचे. प्लॅस्टिकचा रेनकोट तंबूत ठेवा. अत्तर आणि डासांचं मलमही नको. खाऊच्या पिशव्या आधीच उघडून ठेवा. एप्रिलच्या उत्तरार्धात पिल्लं पहिल्यांदा बाहेर यायला लागतात, तेव्हा तर कुजबुजही नको. टॉर्च लागलाच तर लाल उजेडाचा, आणि तोही जमिनीकडे.

सात वर्षांखालच्या मुलाला पाऊण तासापेक्षा जास्त असं बसवू नका. त्यांच्यासाठी कुरणालगत उभी केलेली गाडी चांगली. प्राणी गाडीला फारसे बुजत नाहीत, काच अर्धी खाली करून शांतपणे बघता येतं.

बॅजर आले नाहीत तरी संध्याकाळ वाया जात नाही. सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटांत पिपिस्ट्रेल वटवाघळं बाहेर पडतात. वटवाघळांचा आवाज ऐकवणारं यंत्र असेल तर ४५ किलोहर्ट्झला लावा, सामान्य पिपिस्ट्रेल सर्वांत जोरात तिथे ऐकू येतो. आवाज ५५ ला जास्त स्पष्ट असेल तर त्याची जुळी जात, सोप्रानो पिपिस्ट्रेल. कीटक पकडण्याआधी टकटक वेगाने एकमेकांत मिसळून घरघर होते. मुलं ती घरघर मोजत बसतात.

झोपण्यापूर्वी सगळ्यांचे गुडघ्यामागचे, काखेतले, केसांच्या मुळांतले भाग तपासा. गोचीड दिसली तर चिमट्याने त्वचेला अगदी लागून पकडा आणि सरळ वर ओढा. तेल किंवा आगकाडी लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारा लाल चट्टा दिसला किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जा आणि गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.

घरी आल्यावर

प्रत्येक वस्तूच्या पिशवीवर तारीख आणि जागा किनाऱ्यावरच लिहिलेली असावी: "चारमथ, पूर्व किनारा, पुलापासून अंदाजे ६०० मीटर" इतकं पुरे. घरी आल्यावर कुठला कुठून आणला हे कुणालाच आठवत नाही, आणि जागेची नोंद नसलेला जीवाश्म अभ्यासाच्या कामाचा राहत नाही.

चुनखडीतले अमोनाइट आणि बेलेम्नाइट गोड्या पाण्यात चार-पाच दिवस बुडवून ठेवा, पाणी रोज बदला. आतलं मीठ निघालं नाही तर ते वाळताना स्फटिक बनून पृष्ठभाग उलून टाकतं. व्हिनेगर किंवा लिंबू कधीच वापरू नका, आम्लात कॅल्साइट विरघळतं. हाडं सावलीत, हळूहळू वाळवा. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवली तर तडकतात.

पायराइटला वेगळी वागणूक लागते. गोड्या पाण्यात दिवसभर ठेवून दोन-तीनदा पाणी बदला, जुन्या टूथब्रशने हलकेच घासा, टिश्यूवर पुसून पूर्ण कोरडा करा. मग सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. हवेत ओलावा राहिला तर पायराइट ऑक्सिजनशी संयोग पावून फुटतो. पांढरी-पिवळट पूड दिसते, गंधकासारखा वास येतो आणि सुटणारं आम्ल शेजारची लेबलं आणि जीवाश्मही खातं. असा एखादा दिसला की तो आधी वेगळा काढा. वरून वॉर्निश लावून तो थांबत नाही, उलट ओलावा आत कोंडला जातो. सिलिका जेलचे मणी रंग बदलणारे घ्या आणि महिन्यातून एकदा डबी उघडून रंग बघा.